आरशात दिसलेला माझा भाऊ

टक्.

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज आला. भिंगरी, म्हणजे माझी साडेचार वर्षांची लेक, नुकतीच झोपली होती. मी न्हाणीघरात, धुण्याच्या मशीनवर फोन टेकवून, उभ्याउभ्या चार ओळी लिहीत होते. माझी लिहायची जागा तीच. घर दोन खोल्यांचं, आणि आतून कडी लागते अशी जागा एकच. आवाज हलका होता, कचऱ्याच्या डब्यात काहीतरी पडल्याचा. बाहेर आले तर सासूबाई डब्याचं झाकण लावत होत्या.

"अहो आई, काय टाकलंत?"

"काही नाही गं. त्याचं काम झालं आता."

झाकण उघडलं. कांद्याच्या सालांवर त्यांच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली पडली होती. भरलेली.

सासूबाईंना काचबिंदू आहे. हा दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने गुपचूप जाते आणि माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची तर थेंब एक दिवससुद्धा चुकवायचे नाहीत.

"त्यांनी सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या. "थेंबांमुळे बाहेरची नजर धरून ठेवली जाते, मग आतली उघडत नाही. आता फक्त आरशाचं पाणी लावायचं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी काय विचारतेस? तू होतीस की तिथे!"

होते. त्याच सकाळी, लेकीला कडेवर घेऊन.

फर्निचरच्या दुकानावर एक हॉल आहे. एरवी तिथे न खपलेल्या गाद्या उभ्या करून ठेवतात. त्या सकाळी जिन्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, माणसांच्या मांडीवर माणसं. समोर पुरुषभर उंचीचा, जाड चौकटीचा आरसा. आरशाच्या पुढे एक स्टूल, आरशाच्या मागे, जरा कडेला, आरसेवाले. जटा नाहीत, कफनी नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, आणि लोणी लावल्यासारखा आवाज.

"मी कोण? मी कुणीच नाही! मी काच आहे, काच. बघता तुम्ही, दिसता तुम्ही, मी आपला मधे उभा!"

या 'कुणीच नाही'चे फोटो मात्र हॉलच्या चारी भिंतींवर होते.

स्टुलावर बसायचं तर आधी नंबर लावावा लागे. स्वतःच्या फोनवरून नाव आणि जमलं तर आवडीचा एक फोटो पाठवायचा, 'मन जुळायला'. मग आठवड्याभराने बोलावणं यायचं, कारण आरशाला तयारी लागते.

"आपल्या घरातला आरसा तर लगेच दाखवतो," भिंगरी माझ्या कानात म्हणाली. मी तिला गप्प केलं. तेव्हाच गप्प करायला नको होतं.

सलूनमध्ये काम करणारी एक मुलगी स्टुलावर बसली. आरसेवाले डोळे मिटून म्हणाले, "बाळ, दुसऱ्यांच्या केसांना हात लावताना तुझ्या मनात येतं, माझे का गळतायत?" मुलगी हुंदका देऊन म्हणाली, "मी कुणालाच बोलले नव्हते हो!" मग शाळेच्या बसचे ड्रायव्हर. त्यांच्या मनात कुठल्या खेळाडूबद्दल राग आहे हे आरशाला नावानिशी दिसलं. "आयला, बायकोलापण माहीत नाही!" असं ते ओरडले आणि हॉलभर टाळ्या पडल्या.

त्यांच्यानंतर कोपऱ्यावर चपला शिवणारे काका बसले. आरसेवाल्यांनी बराच वेळ कपाळाला आठ्या घातल्या. "तुमचं मन खोल आहे. आज धुकं आहे. परत या." नंतर एक निवृत्त पोस्टमन. त्यांच्याही मनात धुकं. दोघे स्टुलावरून उठताना माझी नजर त्यांच्या खिशांकडे गेली. दोघांकडे बटणांचे जुने फोन. साध्या फोनवाल्यांच्याच मनात तेवढं धुकं कसं दाटतं?

हे मनात घोळवते आहे तोवर सासूबाईंचं नाव पुकारलं.

आरसेवाल्यांनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "आई, चौदाव्या वर्षी तुम्हाला पाण्यातून बाहेर काढलं. सगळ्यांना वाटलं, पोरगी अंग पुसून घरी आली, विषय संपला. पण तुम्ही अजून कोरड्या झाला नाहीत."

सासूबाईंच्या तोंडून असा आवाज निघाला, जो मी या घरात आल्यापासून कधी ऐकला नव्हता. त्या रडत होत्या. लहान मुलीसारख्या, खांदे उडवत. आरसेवाल्यांनी त्यांच्या हातात 'आरशाचं पाणी' म्हणून एक बाटली दिली आणि कानाशी वाकून काहीतरी सांगितलं.

वाटेत त्यांनी सांगितलं. शाळेत असताना त्या पोहण्याच्या चमूत निवडल्या गेल्या होत्या. वडिलांनी एके दिवशी तलावावर येऊन सगळ्यांसमोर हाताला धरून बाहेर काढलं. पुढे लग्न झालं, मुलं झाली. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला नाही. "कुणाला म्हणजे कुणालाच नाही. मग त्यांना कसं कळलं, सांग की! तू शिकलेली आहेस ना?"

मी शिकलेली आहे, एवढंच नाही. मी नेमकं हेच शिकलेली आहे.

भिंगरी व्हायच्या आधी मी एका संशोधन संस्थेत होते. आमचा विषय होता, एकच माणूस वेगवेगळ्या सोशल मीडियावर कसा वेगवेगळा वागतो. नात्यातल्या ग्रुपवर रोज फुलांचे फोटो टाकणारी बाई दुसरीकडे टोपणनावाने कडाकडा भांडते आणि तिसरीकडे कुणा अनोळखी मुलीच्या व्हिडिओखाली पोटातलं दुःख लिहून जाते. तिन्ही बायका खऱ्याच. एकीकडचं पाहून माणूस कळत नाही, म्हणून सगळीकडचं शेजारी शेजारी ठेवून बघायचं. ते जोडायला धागे लागतात. तोच फोन नंबर, तोच फोटो, लिहिण्याची तीच लकब, ऑनलाइन येण्याची तीच वेळ. आणि या कामाचा पहिला नियम असा की ज्यानं आपणहून परवानगी दिली त्याचेच धागे जोडायचे, तेही नाव पुसून. जे दिसेल ते त्याच्या अंगावर फेकायचं नाही.

आरसेवाल्याने आमची पद्धत उचलली होती. नियम तेवढा वाटेत सांडला होता.

संध्याकाळी नवरा गोदामातून आला. त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "मग सोपं आहे. आईने कुठेतरी लिहिलं असणार. तू शोध आणि तिच्यासमोर धर. तुला असा कितीसा वेळ लागतोय?"

"शोधणार नाही."

"का?"

"त्यांनी कुणालाही न सांगितलेली एकच गोष्ट आहे. एकाने ती विचारल्याशिवाय उघडली. आता मीही उघडू?"

"अगं, तिचे डोळे जातील! तत्त्व घेऊन बसलीस."

त्याचं चुकत नव्हतं. मी सासूबाईंशी बोलून पाहिलं. "अहो आई, तुम्ही फोनवर कधी कुठे लिहिलं होतं का याबद्दल?" त्या ताडकन म्हणाल्या, "मी कुणाला सांगितलं नाही म्हटलं ना!" त्या खोटं बोलत नव्हत्या. सांगणं म्हणजे समोर माणूस हवा, अशीच आपली समजूत असते. काचेवर बोट फिरवून जे जातं, त्याला आपण सांगणं म्हणतच नाही.

दिवस जात होते. बाटली मी डब्यातून काढून, धुऊन, फळीवर ठेवली होती. सासूबाई तिच्याकडे बघत नसत. त्या रोज पापण्यांना आरशाचं पाणी लावत, आणि भाजी चिरताना पातेलं कडेला असलं की हात त्याला लागून ते पडे. "धक्का लागला," त्या म्हणत. दिसलं नाही असं म्हणत नसत.

डॉक्टरीणबाईंचं त्या ऐकेनात, मुलाचं ऐकेनात. त्यांना पुरावा हवा होता, आणि तोही आरशाच्याच तोंडून. माझ्याकडे एकच उपाय होता. मी तो बरेच दिवस टाळला, कारण त्याची किंमत मला ठाऊक होती.

मीही लिहीत होते ना! न्हाणीघरात, मशीनच्या घरघरीआड, 'कडी' या टोपणनावाने. ते खातं माझं आहे हे जगात कुणालाही कळू नये अशी व्यवस्था मी केली होती; तेवढं तर मला येतंच. तिथे मी लिहिलं होतं की काही महिन्यांसाठी म्हणून काम थांबवलं, आणि मीच थांबून गेले. लिहिलं होतं की या घराला दार आहे, पण माझ्यापुरतं ते फक्त आतल्या बाजूला उघडतं. आणि एका दुपारी, लेक तापाने किरकिरत असताना, लिहिलं होतं की चप्पल पायात घालावी आणि चालत सुटावं, मागे वळून न बघता.

आता तिथे मी एक खोटं पेरलं. "आज माझ्या जुळ्या भावाची फार आठवण येते. सातव्या वर्षी गेला. तो असता तर मी अशी एकटी पडले नसते." आणि एक दार मुद्दाम उघडं टाकलं. भिंगरीच्या लाल बुटाचा फोटो त्या खात्यावर लावला, आणि तोच फोटो नंबर लावताना आरसेवाल्यांना पाठवला.

जुनं सगळं पुसून टाकावं असं फार वाटलं. पण पुसलेल्या खात्यात कोण विश्वासाने वाचतं? कालपरवा उघडलेल्या नव्या खात्याचाही संशय येतो. खोटं खपायचं तर त्याच्या आजूबाजूला खरं हवं. नेमकं हेच मला महागात पडणार होतं.

जुळा भाऊच का? माझी आई आणि सासूबाई एकाच शिवणवर्गातल्या मैत्रिणी. माझा जन्म झाला तेव्हा आईच्या उशाशी सासूबाई होत्या. मला पहिल्यांदा दुपट्यात गुंडाळलं तेही त्यांनीच. त्यांना कुणाचं ऐकायची गरज पडणार नव्हती.

बोलावणं आलं. सासूबाई खुशीत होत्या. "तूही वळलीस शेवटी!" नवऱ्याची गोदामात पाळी होती, म्हणून भिंगरीला बरोबर घ्यावंच लागलं. तिला सांभाळणार कोण? हा प्रश्न आमच्या घरात नेहमी मलाच विचारला जातो.

स्टुलावर बसले. आरशात मी दिसत होते, मागे हॉल, पहिल्या रांगेत सासूबाई. भिंगरी त्यांच्या मांडीवरून केव्हा उतरली ते मला दिसलं नाही.

"ताई," आरसेवाले म्हणाले, "तुम्ही हसता छान. पण घरात तुमचा जीव घुसमटतो."

मला वाटलं होतं मी तयार आहे. नव्हते.

"तुमच्या घराला दार आहे. पण ते फक्त आतल्या बाजूला उघडतं. खरं की नाही? काही महिन्यांसाठी थांबलात आणि थांबूनच गेलात. कधी कधी तुम्हाला वाटतं, चप्पल घालावी, चालत सुटावं, मागे वळून बघू नये. अगदी लेकराकडेसुद्धा."

शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. पण ते मी लिहिलं नव्हतं असं म्हटलं तरी आता कोण मानणार होतं? आरशात सासूबाईंचा चेहरा मला दिसला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. उठावं आणि जिना उतरावा असं वाटलं. पण मागे माणसं, पुढे काच. मी स्टुलाच्या कडा घट्ट धरून बसले.

"आणि ताई," आवाजात आणखी लोणी आलं, "तुम्ही या जगात एकट्या आला नाहीत. तुमच्याबरोबर एक जण आला होता. सात वर्षांचा होऊन गेला. तुमचा जुळा भाऊ. हा बघा, आरशात तुमच्या खांद्यामागे उभा आहे!"

हॉलमधून एकच सुस्कारा उठला. कुणीतरी डोळे टिपले.

"कुठला भाऊ?"

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"आई, बसा. काही गोष्टी कुटुंबात लपवल्या जातात—"

"कुणापासून लपवतात? मी होते तिथे! ही झाली तेव्हा हिच्या आईचा हात माझ्या हातात होता. एकच पोर झालं, हेच. दुसरं झालं असतं तर मला दिसलं नसतं का? तेव्हा माझे डोळे धडधाकट होते!"

"आरसा चुकत नाही, आई. भाऊ मला स्पष्ट दिसतोय."

"तो दिसणारच," मी म्हटलं. "तो मीच ठेवलाय तिथे." मी फोन काढला आणि 'कडी'वरचं सगळं मोठ्याने वाचलं. दार, थांबणं, चप्पल, आणि शेवटी भाऊ. माझेच शब्द होते, जसेच्या तसे. "भाऊ मला कधी नव्हताच. मी तो आठवड्यापूर्वी लिहिला. जे जगात झालंच नाही, ते आरशाला दिसलं कसं?"

आरसेवाल्यांनी हात वर केले. "ज्यांच्या मनात शंका असते त्यांच्या शंकेचंच रूप आरसा—"

"आई! माझा बूट!"

भिंगरी आरशाच्या मागे होती. "आई, आरशाच्या पाठीला टीव्ही आहे! त्यात माझा बूट आहे!"

बसचे ड्रायव्हर पुढे झाले आणि चौकट धरून त्यांनी आरसा गर्रकन फिरवला. मागे चपटा पडदा बसवलेला. त्यावर लाल बूट, बुटाखाली माझी वाक्यं, आणि 'जुळा भाऊ' या शब्दांखाली ओढलेली रेघ. कोपऱ्यात बसलेला मदतनीस लॅपटॉप मिटायला धावला, पण उशीर झाला होता.

मग मी सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. तुम्ही नंबर आणि फोटो पाठवता. आठवडाभर यांची माणसं त्या धाग्याने तुमचं एकेक खातं ओढून काढतात. तुम्ही जिथे जिथे कुणी बघत नाही असं समजून लिहिलंत, ते सगळं या पडद्यावर येतं. ज्यांनी कुठेच काही लिहिलं नाही त्यांच्या मनात धुकं असतं.

"अहो, म्हणजे ते केसांचं!" सलूनमधली मुलगी ओरडली. "मी त्या तेलाच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं!"

"आणि त्या खेळाडूला मी शिव्या घातल्या होत्या," ड्रायव्हर म्हणाले, "माझाच फोटो लावलेल्या खात्यावरून! हात्तिच्या!"

चपला शिवणारे काका सावकाश उठले. "म्हणजे माझं मन खोल वगैरे काही नाही?"

लोक हसले. त्या हसण्याच्या गडबडीत आरसेवाले मागच्या दाराने गेले. काच मात्र तिथेच राहिली.

घरी आलो. सासूबाई पलंगावर आडव्या झाल्या. मला वाटलं, त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मग त्या छताकडे बघत म्हणाल्या, "पोहणाऱ्या एका पोरीचा व्हिडिओ होता. काय हात मारत होती! खाली लिहिलं मी. वाटलं, तिथे मला कोण ओळखतंय."

"हो."

"तू शोधलं नाहीस?"

"नाही."

त्या माझ्याकडे वळल्या. "तू लिहिलंस ते... दाराचं. माझ्यामुळे?"

मी पलंगाच्या कडेला टेकले. त्यांनी हात हलवला. "राहू दे. माझ्याही वेळी ते तिकडेच उघडायचं. घाल ते थेंब."

मी फळीवरची बाटली टाकून दिली, औषधाच्या दुकानातून नवी आणली आणि त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. आज डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. मधल्या दिवसांत किती नजर गेली ते पुढच्या तपासणीत कळेल. गेली असेल ती येणार नाही.

हे मी पुन्हा न्हाणीघरातच लिहिते आहे, पण या वेळी स्वतःच्या नावाने. वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. मनातलं ओळखणारा कुणी भेटला तर आधी आठवून बघा, हे आपण कुठे लिहिलं होतं का? आठवलं नाही, तर एक निरुपद्रवी खोटं पेरून बघा. खरा अंतर्ज्ञानी असेल तर ते खोटं त्याला कळेल, लबाड ते गिळेल. आणि औषध बंद करा म्हणणारा कितीही गोड बोलो, त्याच्या तोंडाकडे न बघता डॉक्टरांना विचारा. दुःख ओळखता येणं म्हणजे दुखणं बरं करता येणं नव्हे. आपलं दुःख कुणीतरी ओळखावं याची आपल्याला इतकी भूक असते, की ते चोरून वाचलेलं आहे हे विचारायलाही आपण विसरतो. निदान घरातल्या घरात एकमेकांना विचारायला लागू या. मग आरशापुढे रांग लावावी लागणार नाही.

इथवर लिहिलं आणि दारावर छोट्या बोटांची टकटक झाली. कडी काढली. भिंगरी उभी होती, एका पायात लाल बूट, दुसरा हातात.

"आई, तुला चप्पल घालून जायचं होतं ना?"

मी खाली बसले. तिचा बूट हातात घेतला.

"तू जिथे जाणार होतीस," ती म्हणाली, "तिथे मी होते का?"